हुतात्म्यांची यादी आहे, जखमींची यादी कुठे आहे?



मी काही लेखक नाही. आखाडा बाळापूरचा माणूस. शाळा चौथीपर्यंत, पुढची अक्कल सूतगिरणीच्या रिंग खात्यात आली. बारा वर्षे बॉबिनी बदलतो आहे, आठ वर्षे युनियनचं काम करतो आहे. तेव्हा भाषेत काही चूकभूल असेल ती पदरात घ्या, पण मुद्दा टाकून देऊ नका.

एका २१ नोव्हेंबरला युनियनच्या जथ्याबरोबर मी मुंबईला हुतात्मा चौकात गेलो होतो. मशाल उंच धरून उभे असलेले कामगार आणि शेतकरी, त्यांच्या पायाशी हारांचा ढीग. १०६ हुतात्म्यांना मुजरा झाला, 'अमर रहे'च्या घोषणा झाल्या. ओरडून ओरडून माझा घसा बसला. रात्री परतीच्या गाडीत डोळा लागेना. एक साधा सवाल डोक्यात घुसून बसला होता. १०६ जण मेले, तर गोळी लागली किती जणांना? गोळी काय मोजून मारते? ज्याच्या छातीत घुसली तो हुतात्मा झाला. ज्याच्या मांडीत घुसली, खांद्यात घुसली, जबड्यात घुसली, तो कुठे गेला? त्याला घरी कोणी नेलं? त्याची नोकरी राहिली का? त्याच्या पोरांनी काय खाल्लं?

हुतात्म्यांची यादी आपल्याला पाठ आहे. जखमींची यादी मला कुणी दाखवली नाही. आजच्या माझ्या लिहिण्याचा विषय एवढाच आहे.

इतिहास आपल्याला ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरण्या बंद ठेवून कामगार फ्लोरा फाउंटनकडे निघाले तेव्हा मोरारजी सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवशी १५ माणसं गेली. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं, आणि पुढचे कित्येक दिवस मुंबईत गोळी थांबली नाही. १७ जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला. सीमाभागातले आपले भाऊ तो दिवस अजून हुतात्मा दिन म्हणून पाळतात. त्याच वर्षी ८ ऑगस्टला अहमदाबादेत महागुजरात मागणाऱ्या पोरांवर गोळ्या चालल्या. म्हणजे गोळीला मराठी-गुजराती कळत नाही. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, नंतर चौकात स्मारक उभं राहिलं. बेळगावचा प्रश्न मात्र सुटला नाही. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात त्या भागात लोक उठले, तेव्हाही गोळीच आली. २००४ सालापासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. म्हणजे मोर्चे निघत राहणार. म्हणून हा विषय जुना झाला असं कुणी म्हणू नये.

आता माझ्या घरातली गोष्ट.

आमचं बाळापूर तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होतं. पैनगंगा ओलांडली की पलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थान. १९४७-४८ साली रझाकारांच्या धामधुमीत इकडची पोरं रात्री-अपरात्री नदी ओलांडून निरोप नेत-आणत. माझा थोरला आजा, म्हणजे आज्याचा मोठा भाऊ, त्यांतला एक. वीस वर्षांचा गडी. एका रात्री नदीच्या अलीकडे गोळ्या आल्या. कुठून आल्या, कोणी झाडल्या, त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. एक त्याच्या मांडीत बसली, दुसरी बरोबरच्या गड्याच्या दंडात.

दोघांना एका छकड्यात घालून रातोरात नदीपार नेलं. माझ्या आज्याची मांडी कुणीतरी पटक्यानं करकचून बांधली होती. दुसऱ्याची जखम दंडाची, म्हणून लोकांना ती बारकी वाटली. बांधली नाही, नुसती चिंधी लावली. उजाडायच्या आत तो गडी छकड्यातच गेला. छकड्याच्या फळ्या लाल झाल्या होत्या असं आजा सांगायचा. "पोरा, त्याची जखम माझ्याहून ल्हान होती," असं म्हणून तो गप्प बसायचा.

आजा वाचला. पण कसा? जखमेत कडकडीत तेल ओतलं, हळद कोंबली, वरून झाडपाला. आठ दिवसांत मांडी भोपळ्याएवढी सुजली. पलीकडच्या एका डॉक्टरने चिरून पू काढला. हाड मोडलं होतं, ते वाकडं सांधलं. पाय दोन इंच आखूड झाला. जखम वरून भरायची आणि दर पावसाळ्यात परत फुटायची. तिच्यातून हाडाचे कपचे निघायचे. माझ्या लहानपणीसुद्धा आजी त्याच्या मांडीला फडकं बांधायची. म्हणजे गोळी लागून पन्नास वर्षं झाली तरी ती जखम मिटली नव्हती.

मेलेल्या गड्याचं नाव गावात आदराने घेतात. घेतलंच पाहिजे. माझ्या आज्याला लोक 'लंगडा' म्हणायचे. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तीवेतन सुरू केलं, १९८० साली ती योजना मोठी केली. गोळीने कायमचं अपंगत्व आलेल्या माणसालाही तिच्यात हक्क आहे. आज्याने कचेरीत अर्ज केला. तिथे विचारलं, "पुरावा काय?" आज्याने धोतर वर करून मांडी दाखवली. तिथला माणूस म्हणाला, "बाबा, कागद आणा." नदीकाठी रात्री लागलेल्या गोळीचा कागद कुठून आणायचा? कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. आजा रिकाम्या हाताने परतला आणि रिकाम्या हातानेच गेला.

बंधूंनो, यादी का हवी ते मला त्या मांडीने शिकवलं.

आता तेलाचं सांगतो, कारण ती चूक एकट्या बाळापूरची नाही. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठे मोठे शिकलेले वैद्य म्हणत की बंदुकीच्या जखमेत दारूचं विष असतं, म्हणून उकळतं तेल ओता. १५३७ साली फ्रान्सच्या फौजेत आंब्रुआज पारे नावाचा एक तरुण होता. न्हाव्याच्या हाताखाली शिकलेला, आपल्यासारखाच हाताने काम करणारा. लढाईत त्याचं तेल संपलं. नाइलाजाने त्याने उरलेल्यांना अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा थंड लेप लावला. रात्रभर त्याला झोप नाही, की सकाळी हे सगळे मेलेले दिसणार. सकाळी बघतो तर लेपवाले शांत झोपलेले आणि तेलवाले तापाने, सुजेने तळमळत असलेले. त्याने ते १५४५ साली पुस्तकात लिहून ठेवलं. आमच्या गावात मात्र १९४८ सालीही तेलच उकळत होतं. लिहून ठेवणं आणि ते गरिबापर्यंत पोहोचवणं यांत केवढं अंतर पडतं ते बघा.

दुसरी गोष्ट २०१९ सालची. मी ज्या गावी गिरणीत आहे तिथली. पाळी सुटली होती, आम्ही फाटकासमोरच्या टपरीवर चहा पीत होतो. पलीकडे जागेच्या भांडणावरून दोन टोळ्या भिडल्या आणि गावठी कट्ट्यातून गोळी सुटली. ज्यांचं भांडण त्यांना काही झालं नाही. आमच्या खात्यातला एक सोबती खाली बसला. मांडीतून रक्त असं येत होतं की जसा नळ सोडला. मला एकदम आजा आठवला. मी गळ्यातला टॉवेल काढला, जखमेत दाबला आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून तसाच धरला. दुसऱ्याने पंचा वर बांधून त्यात लाकडाची कांडी घालून पिळली. रक्त थांबलं.

रिक्षात घालून जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे म्हणाले, "ही पोलीस केस आहे. आधी पोलिसांचा कागद आणा, आणि अनामत भरा." आम्ही हात जोडले. पाऊण तास गेला. शेवटी सरकारी दवाखाना गाठला.

हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, ते आज तुम्ही पाठ करून ठेवा. परमानंद कटारा यांच्या खटल्यात २८ ऑगस्ट १९८९ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आहे. डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जखमी माणसाचा जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य, पोलिसी सोपस्कार मागाहून. पोलिसांना कळवायचं काम दवाखान्याचं आहे, ते त्यांनी करावं. पण त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. त्या दिवशी दारात हे वाक्य बोलणारा एक जण आमच्यात असता तर पाऊण तास वाचला असता. हक्क कायद्यात असतो, पण तो तोंडात आला नाही तर उपयोग काय?

सरकारी दवाखान्यात मी सोबत्याच्या खाटेजवळ नऊ रात्री काढल्या. तिथल्या सर्जन बाईंनी मला पुष्कळ समजावून सांगितलं. मी पहिलंच विचारलं, "मॅडम, गोळी काढली का?" त्या म्हणाल्या, "भाऊ, सिनेमा बघून विचारताय. गोळी आतच आहे, आणि ती तिथे राहिली तरी चालतं. माणूस गोळी आत राहिल्याने मरत नाही, रक्त बाहेर गेल्याने मरतो."

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव धोक्यात. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर पाच मिनिटांतसुद्धा खेळ संपतो. गोळी सांध्यात, मज्जारज्जूजवळ किंवा एखाद्या शिरेवर टोचत असेल तर काढतात. नाही तर पुष्कळदा राहू देतात. उगाच खोदून काढायला गेलं तर जास्त नासधूस होते. आणि गोळी नुसतं भोक पाडत नाही. थ्री-नॉट-थ्री रायफलची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने निघते. ती मांसातून जाताना आजूबाजूचं मांस क्षणभर बाहेर ढकलते, फाडते. वरून भोक बोटाएवढं आणि आत मुठीएवढा नाश. कपड्याच्या चिंध्या, माती, हाडाचे तुकडे आत जातात. म्हणून सर्जन मेलेलं मांस कापून टाकतात, जखम धुतात आणि अशी खराब जखम लगेच शिवत नाहीत. चार-पाच दिवस उघडी ठेवतात, स्वच्छ दिसली की मग शिवतात. "डॉक्टरांनी जखम उघडीच टाकली" म्हणून आमच्यातले काही जण भांडायला उठले होते. ते अज्ञान होतं. आज्याची जखम वरून बंद झाली आणि आत पू राहिला, म्हणूनच ती पन्नास वर्षं वाहिली.

मोडलेल्या मांडीचं आणखी एक ऐका. पहिल्या महायुद्धात सुरुवातीला गोळीने मांडीचं हाड मोडलेल्या शंभर शिपायांपैकी ऐंशी मरत. पुढे टॉमस नावाच्या डॉक्टरने काढलेली एक साधी लोखंडी चौकट वापरात आली. जखमीला उचलण्याआधीच पाय त्या चौकटीत ताणून बांधायचा. युद्धाच्या अखेरीस मरणारे शंभरात वीसहून खाली आले. चौकट, रक्त, स्वच्छता, धनुर्वाताची सुई, पुढे पेनिसिलिन, या साध्या गोष्टींनी माणसं वाचवली. चमत्कार कुठे नाही. कामाला क्रम आहे, आणि क्रम पाळला की माणूस वाचतो. आपल्या खात्यातसुद्धा धागा तुटला की आधी साचा थांबवतो, मग टोक शोधतो, मग सांधतो. उलटं केलं तर सगळाच गुंता.

तेव्हा पहिल्या दहा मिनिटांचा क्रम लिहून देतो. कापून खिशात ठेवा.

गोळीबार चालू असेल तर आधी जखमीला आडोशाला ओढा. दुसरा जखमी तुम्ही होऊ नका. एकाने १०८ ला फोन करावा. कपडे फाडून जखम बघा, पाठीमागेही बघा. एका भोकाला दुसरं भोक असू शकतं. स्वच्छ फडकं जखमेवर, जखम खोल असेल तर जखमेत कोंबून, दोन्ही हातांनी जोराने दाबा. थांबलं का म्हणून सारखं उचलून बघू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा, तिच्यात कांडी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. दोरी किंवा तार नको, ती मांस कापते. बांधल्याची वेळ लिहून ठेवा आणि ती पट्टी दवाखान्यातच सुटू द्या. दोन तासांच्या आत पोहोचवा.

छातीच्या जखमेवर बोळे कोंबून हवा कोंडू नका. पोटातून आतडं बाहेर आलं तर आत ढकलू नका. स्वच्छ ओलं फडकं झाका. पाणी, चहा पाजू नका, कारण पुढे भूल द्यायची असते. अंगावर पांघरूण घाला. रक्त गेलेला माणूस गार पडतो. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. हळद, चहापत्ती, चुना, तेल, राख यांतलं काही नको. बोट घालून गोळी शोधू नका. आणि त्याच्याशी बोलत राहा. आमचा सोबती पुढे म्हणाला, "तुम्ही काय बोलत होतात ते आठवत नाही, पण आवाज होता म्हणून मी होतो."

इथपर्यंत झालं दहा मिनिटांचं आणि दहा दिवसांचं. खरी लढाई पुढेच असते, आणि तिथे आपण सगळे कमी पडतो. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या दारात दोनशे माणसं. दहाव्या दिवशी वीस. दुसऱ्या महिन्यात बायको आणि म्हातारी आई.

आमच्या सोबत्याच्या मांडीला आधी बाहेरून सळ्या लावल्या, जखम निवळल्यावर आत दांडा घातला. पाच महिने काठी. पायाची एक शीर दुखावली होती, म्हणून पंजा उचलत नव्हता. सर्जन बाई म्हणाल्या, शीर परत वाढते ती दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. विचार करा, मांडीपासून पंजापर्यंत किती महिने! तेवढे दिवस रोज व्यायाम केला नाही तर शीर येईपर्यंत सांधा आखडून जातो. व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा, दवाखाना बारा कोसांवर, एसटीचं भाडं जाऊन-येऊन. व्यायाम का बुडतो? आळसाने नाही, भाड्यापायी.

ईएसआयमधून आजारपणाचा भत्ता मिळाला, पगाराच्या ७० टक्के. पण तो वर्षात ९१ दिवस. ब्याण्णवाव्या दिवशी हाड जुळलेलं नसतं. फाटकाबाहेर लागलेली गोळी म्हणजे कामावरची इजा नव्हे, असं म्हणून जास्तीचा भत्ता दिला नाही. पुढचे आठ महिने खात्यातल्या माणसांनी पगाराला वीस-वीस रुपये काढले. व्यवस्थापन म्हणालं, पूर्ण बरा होऊन ये, नाही तर येऊ नको. सहा बैठका झाल्या. शेवटी अकराव्या महिन्यात त्याला भांडारात बसून करायचं काम मिळालं. आज तो थोडा लंगडतो, पण स्वतःच्या पगारावर घर चालवतो.

आज्याचीही मांडी, याचीही मांडी. दोघांचं हाड मोडलं. एकाचा जन्म वाया गेला, दुसऱ्याचं एक वर्ष गेलं. फरक गोळीत नव्हता. फरक होता तो पहिल्या तासातल्या हातांचा, पहिल्या आठवड्यातल्या डॉक्टरांचा आणि पहिल्या वर्षातल्या सोबत्यांचा.

आणखी एक जखम आहे, तिला भोक नसतं. आमचा सोबती कामावर आला त्या आठवड्यात कोणाच्या तरी हातून बॉबिनींचं क्रेट पडलं. आवाज झाला आणि हा गडी जमिनीवर आडवा, डोकं हातांत. काही पोरं हसली. दिवाळीत तो फटाक्यांच्या भीतीने घरात कोंडून राहिला. रात्री दचकून उठायचा. बायकोवर ओरडायचा, मग रडायचा. याला भेकडपणा म्हणू नका. हा दुखापतीचाच भाग आहे, लढाईतून आलेल्या भल्या भल्या शिपायांना होतो, आणि याला औषध आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारचा टेलिमानस फोन आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत. पण सगळ्यांत आधी खात्यातलं हसणं बंद झालं पाहिजे.

जखमी माणूस संपलेला नसतो, हेही सांगतो. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या सहोदराबाई राय यांना तिथे गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि १९५७ साली लोकसभेत निवडून गेल्या. गोळी खाल्लेल्या माणसाला उभं राहू दिलं तर तो कुठवर जातो ते बघा. आपण मात्र त्याला व्यासपीठावर एकदा शाल घालतो आणि विसरतो.

आता आक्षेप. आमच्यातलेच काही म्हणतात, "मोर्चाच्या तोंडावर जखमांच्या गोष्टी कशाला? लोक घाबरतील. पट्ट्या घेऊन निघणं म्हणजे गोळीबाराला आवतण देणं." माझं उत्तर साधं आहे. कापसाच्या गिरणीत वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात. म्हणून आपण आगीला आवतण देतो का? बादल्या दिसतात म्हणून माणूस निर्धास्त काम करतो. पाठीमागे आपली माणसं आहेत, पडलो तर उचलतील, वर्षभर सांभाळतील, हे ज्याला ठाऊक आहे तोच पुढे पाऊल टाकतो. मरणाची तयारी दाखवणारी भाषणं पुष्कळ झाली. जगवण्याची तयारी दाखवा.

दुसरे म्हणतात, "हे सरकारचं काम." हो, सरकारचंच आहे, आणि मागितलंच पाहिजे. आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला, आणि जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळायला २०२४ साल उजाडलं. तोवर मोठी जखम झाली की बाळापूरहून नांदेड गाठायचं. मागितलं म्हणून मिळालं, आणि अजून मागू. पण पहिल्या पाच मिनिटांत सरकार येत नाही. पहिल्या पाच मिनिटांत शेजारचा कामगार असतो.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. एक सरकारकडे, तीन आपल्याकडे.

सरकारने दंगल, मोर्चा, गोळीबार यांत जखमी झालेल्याला हाड जुळेपर्यंत, शीर येईपर्यंत भत्ता द्यावा. ९१ दिवसांत मांडी जुळत नाही, हे कोणत्याही सर्जनला विचारा.

आपण प्रत्येक खात्यातली चार माणसं, त्यांत बायाही, रक्त थांबवायला शिकवून तयार करावीत. सरकारी दवाखान्यात जाऊन शिकवा म्हटलं तर डॉक्टर नाही म्हणत नाहीत. खर्च दोन रुंद पट्ट्या आणि एक कांडी.

प्रत्येक युनियनने जखमी निधी काढावा. पगाराला दहा रुपये. तो हारांना नाही, भाषणांना नाही. एसटीच्या भाड्याला, दुधाला, पोरांच्या फीला. आणि बऱ्या झालेल्या सोबत्याला झेपेल ते काम मिळवून देणं हा करारातला मुद्दा करावा.

शेवटची मागणी, वही. एक साधी शंभर पानांची वही. कोणाला, कुठे, केव्हा, किती वाजता लागलं; कोणत्या दवाखान्यात नेलं; साक्षीदार कोण; दवाखान्याच्या कागदांची नक्कल. त्याच दिवशी लिहायचं. पुढे कचेरीत कोणी "कागद आणा" म्हणालं तर त्याच्या टेबलावर वही ठेवायची.

माझ्या आज्याची नोंद कुठे नाही. म्हणून मी ती वही आमच्या युनियनमध्ये सुरू केली आहे. पहिल्या पानावर आज्याचं नाव लिहिलं आहे, आणि खाली: मांडी, डावी, १९४८, पैनगंगेकाठी. दुसऱ्या पानावर २०१९ चा सोबती. बाकीची पानं कोरी आहेत. ती कोरीच राहोत. पण राहिली नाहीत, तर एकही नाव सुटता कामा नये.

हुतात्म्यांना मुजरा करू तेव्हा जखमींच्या दाराशीही जाऊ.

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!